सोलापूरकरांसाठी गडपायथ्याचे जेवण : शास्त्रोक्त मार्गदर्शिका

1. व्याख्या व प्रयोजन

गडपायथ्याचे जेवण हे सह्याद्रीतील भटकंतीचे मूळ प्रयोजन होय. पहाटेची चढण, धुके, बुरूज आणि इतिहास ही त्या जेवणासाठी भूक लागावी म्हणून केलेली पूर्वतयारी असते. सोलापूरकरांना या पूर्वतयारीची गरज इतरांपेक्षा जास्त. शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरांच्या आसपास वसलेले असले तरी ही उंची चढल्यासारखी कुणालाच जाणवत नाही. गावातला किल्ला भुईकोट आहे आणि त्याला फेरी मारली तरी धाप लागत नाही. डोंगरची भूक इथे तयार होत नसल्यामुळे तिच्यासाठी पश्चिमेला जावे लागते.

2. सराव

जवळच्या सरावासाठी दोन ठिकाणे आहेत. पहिले नळदुर्ग. बोरी नदीवरचा पाणीमहाल आणि पावसाळ्यात वाहणारे नर-मादी धबधबे पाहून माणसे तृप्त होतात, पण चढ नसल्याने भूक भज्यांच्या पुढे जात नाही. दुसरे तुळजापूर, बालाघाटाच्या डोंगरात, सोलापूरपासून सुमारे 45 किलोमीटर. कोजागरीच्या सुमारास हजारो भाविक हे अंतर पायी कापतात. वाटेत जागोजागी चहा, केळी आणि फराळ आग्रहाने हातात पडतो. पायांना याहून चांगला सराव नाही. मात्र सगळे फुकट मिळत असल्याने जेवणाचा दर आधी विचारून घ्यायची सवय लागत नाही. तेच पुढे नडते.

3. शिदोरी

सोलापूरकर सह्याद्रीत एकटा जात नाही, शेंगाचटणी बरोबर असते. चटणी उखळात कुटलेली असेल तर तेल सोडते, म्हणून ती घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात न्यावी. कागदाच्या पुडीतून नेल्यास गडमाथ्यावर पोहोचेपर्यंत झोपण्याची पिशवीही खाण्याजोगी होते. कडक भाकरी वजनाला हलकी, टिकायला दांडगी. पाठपिशवीत तिचा चुरा होतो, पण ताकात किंवा आमटीत ती कुस्करायचीच असल्याने हे नुकसान धरू नये. धपाटे पहिल्या दिवशीच संपवावेत. ते दुसऱ्या दिवसासाठी ठेवू असे म्हणणारा गटात नेहमी असतो आणि मध्यरात्री डबा उघडताना तोच सापडतो.

4. प्रवास

हुतात्मा एक्सप्रेस सकाळी सुटते. तिने पुणे गाठून पुढे एसटीने पायथ्याशी जाईपर्यंत ऊन डोक्यावर येते आणि जेवणाची वेळ चढाईआधीच होते. तत्त्वतः यात वावगे काही नाही, पण नंतर चढणे होत नाही. म्हणून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस किंवा भाड्याची गाडी बरी.

5. स्थळांचे वर्गीकरण

(अ) *घरगुती जेवण.* राजगडाखाली गुंजवणे, हरिश्चंद्रगडाखाली पाचनई, 1646 मीटर उंचीच्या कळसूबाईखाली बारी. घराच्या भिंतीवर रंगाने ‘जेवणाची सोय होईल’ असे लिहिलेले असते आणि खाली फोन नंबर असतो. हा वर्ग सर्वोत्तम.

(आ) *वाटेवरची टपरी.* लिंबू सरबत, ताक, मीठ-तिखट लावलेली काकडी. हे सगळे डोक्यावरून वर आणलेले असते, त्यामुळे शहरातल्या दराशी तुलना करणाऱ्याने आधी एक हंडा पाणी वर नेऊन दाखवावे.

(इ) *गडमाथ्यावरचे जेवण.* याचे पीठ सिंहगड. पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातले दही. येथे गाडी वरपर्यंत जाते. गाडीने येऊन पिठलं खाणाऱ्यांची संख्या पाहता प्रस्तुत मार्गदर्शिकेचे पहिले कलम सिद्ध झाले असे समजण्यास हरकत नाही.

(ई) *बाजारगावचे हॉटेल.* वेल्हे, वाई, भंडारदऱ्याजवळचे शेंडी. मिसळ आणि चहा इथे मिळतो. घरगुती जेवण सांगायला विसरलेले गट याच वर्गात सापडतात.

6. जेवण सांगण्याची पद्धत

फोन आदल्या दिवशी करावा. डोंगरात रेंज असेलच असे नाही, म्हणून सोलापुरातूनच केलेला बरा. माणसे किती, जेवण कधी, शाकाहारी किती, हे तीन प्रश्न विचारले जातात. तिसऱ्याचे उत्तर वाराप्रमाणे बदलते, म्हणून फोनआधी पंचांग पाहावे. गावरान कोंबडी हवी असल्यास ती याच फोनमध्ये सांगावी. तिला आधी पकडावे लागते आणि डोंगरात पळण्याचा तिचा सराव पाहुण्यांहून चांगला असतो.

पहिला प्रश्न सर्वांत अवघड. व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘मी आहे बे’ म्हणणारे चौदा असतात, स्टेशनवर नऊ येतात. यजमानांना आकडा स्टेशनवरचा सांगावा, गटावरचा नव्हे.

7. ताटासमोरचे वर्तन

पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा, आमटी-भात, पापड. ताट असे असते. अडचण भाकरीपाशी येते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तेव्हापासून सोलापूरकराची भाकरीविषयीची मते अधिकृत झाली. गुंजवण्यात चुलीसमोर बसलेल्या बाईंनी काळपट भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यावर फुगवली की संवाद ठरलेला :

“मावशी, ज्वारीची नाही का?”

“आमच्याकडं नाचणी नि तांदूळ, दादा. ज्वारी तुमच्याकडं.”

उत्तरात तथ्य आहे. सह्याद्रीच्या माथ्याकडे धो धो पाऊस पडतो आणि डोंगरउतारावर नाचणी, वरई, भात पिकतो. रब्बीची ज्वारी पर्जन्यछायेतल्या काळ्या जमिनीची. नाचणीच्या पिठाला ज्वारीसारखा चिकटपणा नसतो, ते उकळत्या पाण्यात मळून थापावे लागते. भाकरी जाड होते, कडा चिरतात आणि पोट उशिरापर्यंत भरलेले राहते. उतरताना याचा उपयोग कळतो. शेंगाचटणीचा डबा या वेळी उघडावा, पण पहिला वाटा चुलीपाशी द्यावा. त्यानंतर ठेच्याची दुसरी वाटी न मागता येते.

मॅगी मागू नये. मागितली तर मिळेल आणि पुढच्या गटाला तीच सुचवली जाईल.

8. परतीचा विधी

परतीच्या वाटेवर भिगवण लागते. उजनी धरणाच्या फुगवट्यातले मासे इथल्या हॉटेलांची कीर्ती आहेत. नाचणी खाऊन पोट भरल्याची तक्रार करणारे इथे पुन्हा भुकेले होतात. दोन दिवसांत किती चढलो याची उजळणी माशाच्या काट्यांसह होते आणि दर ताटामागे गडाची उंची शंभर मीटरने वाढते. ताट पुन्हा मागवण्याआधी हिशेब वाटून घ्यावा, कारण सोलापूर जवळ आले की पाकीट हरवल्याचे प्रकार वाढतात.

9. रद्द झालेला बेत

पाऊस, परीक्षा किंवा लग्न यांपैकी एका कारणाने बेत हटकून रद्द होतो. अशा वेळी गटावर रडका चेहरा टाकला की कर्तव्य संपले असे मानण्याची प्रथा आहे. ती चुकीची आहे. पायथ्याच्या घरात पीठ काढून ठेवलेले असते, लाकडे आत आणलेली असतात आणि त्या दिवशी दुसरा गट नाकारलेला असतो. बेत रद्द होताच पहिला फोन त्या घरी करावा. भाकऱ्या थापून झाल्यावर कळवले असेल तर ताटांचे पैसे पूर्ण पाठवावेत, जेवण झाले नसले तरी.