भाव जाहीर, खरेदी गैरहजर

२८ मे २०२५ला केंद्र सरकारने सोयाबीनचा हमीभाव ४३६ रुपयांनी वाढवून क्विंटलला ५,३२८ रुपये केला. त्याच आठवड्यात पाम, सोया आणि सूर्यफुलाच्या कच्च्या तेलावरचं मूळ आयातशुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणलं. बाहेरून तेल स्वस्तात येणार असेल, तर तेलगिरण्या लातूरच्या सोयाबीनला चढा भाव देतील कशाला?

हमीभावाचा जन्म टंचाईतला. साठच्या दशकात आपण अमेरिकेच्या ‘पीएल ४८०’ या अन्नमदत योजनेतल्या गव्हावर दिवस काढत होतो. सी. सुब्रमण्यम अन्नमंत्री असताना, १९६५ साली भारतीय अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग उभे राहिले. त्यामागचा विचार पक्का होता. नव्या बियाण्यावर, खतावर शेतकऱ्याने पैसा ओतायचा, तर पीक भरघोस आल्यावर भाव कोसळणार नाही याची हमी त्याला हवी. सुगीत सगळ्यांचा माल एकदमच बाजारात येतो, कृषी सेवा केंद्राची उधारी डोक्यावर असते, माल धरून ठेवायची ऐपत नसते. म्हणून सरकारने मध्ये पडायचं. हे तेव्हाही खरं होतं, आजही आहे.

पण याच व्यवस्थेला रेशनचं दुकानही भरायचं होतं. त्यामुळे खरेदीचा जोर गहू-तांदळावर राहिला आणि कोरडवाहू महाराष्ट्राच्या वाट्याला बहुतेक वेळा नुसते आकडे आले. देशातले जेमतेम ६ टक्के शेतकरी सरकारी संस्थांना हमीभावाने माल विकतात, असं शांताकुमार समितीने २०१५ साली सांगितलं. शेतकरी नेते शरद जोशी तर सरकारी धोरणाला ‘उणे सबसिडी’ म्हणायचे: खतात चार पैसे द्यायचे आणि निर्यातबंदी, स्वस्त आयात करून भावात त्याहून जास्त काढून घ्यायचे. त्यांच्या सगळ्याच मतांशी मी सहमत नाही, पण हा हिशेब मला अजून कोणी खोडून दाखवलेला नाही.

आता खरेदी केंद्रावर या. सातबारा दिला, ऑनलाइन नोंदणी केली, मेसेज आला, भाड्याच्या गाडीत कट्टे भरून माल आणला. मूठभर दाणे ओलावा मोजायच्या यंत्रात पडतात. आकडा १२च्या वर गेला की माल परत. परतीचा पाऊस अंगावर घेऊन काढलेल्या सोयाबीनमध्ये ओल राहणारच! गाडीभाडं दोन्हीकडचं अंगावर पडतं. मग तोच माल व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो. तो ओलाव्याची घट धरतो, भाव पाडतो, पण पैसे रोख देतो. आणि दिवाळी तोंडावर असते. २०२४च्या विधानसभा मतदानाच्या तोंडावर हीच मर्यादा १५ टक्के करता आली होती. म्हणजे अडचण यंत्राची नव्हती, इच्छेची होती.

शेतीला सरकारी आधार कशाला, असं विचारणाऱ्या शहरी वाचकांनी हे ध्यानात घ्यावं: स्वस्त तेलाचा फायदा आपल्या घरात येतो आणि त्याची किंमत सोयाबीनवाला मोजतो. सरकारकडे मागणं मोठं नाही. केंद्रं माल निघायच्या आधी उघडा, वाळवणाची आणि साठवणुकीची सोय तालुक्यातच करा, आणि पेरणी झाल्यावर त्या हंगामापुरतं आयातशुल्क कमी करू नका. एवढं जमणार नसेल, तर हमीभावाला हमी म्हणणं सोडा.