भूत चालेल, पण पानांसकट

कर्जत-खालापूर पट्ट्यात फार्महाउस बांधणाऱ्याला झाडांची भारी हौस. अट एकच, झाड इथलं नसावं. म्हणून फाटकापासून व्हरांड्यापर्यंत बॉटल पाम पोटं सुटलेल्या मानकऱ्यांसारखे ओळीनं उभे असतात. मागच्या डोंगरावर भुत्या फुकट उगवतो, त्यामुळे त्याला कोण विचारणार?

भुत्या म्हणजे कांडोळ. थंडीत पानं गाळून हा गडी उघडाबंब होतो आणि मगच देखणा दिसतो. गुळगुळीत, पांढुरकी साल. कागदासारखे पापुद्रे सुटतात, आणि नखानं जरा खरवडलं तर आत चक्क हिरवं! पानं नसतानाही हा सालीवर थोडाफार स्वयंपाक उरकतो. चांदण्या रात्री तो उतारावर असा काही उजळतो की वाट चुकलेल्या माणसाला रामरक्षा आपोआप आठवते. इंग्रजीत त्याला भूतही म्हणतात आणि नग्न बाईही. कोणाला काय दिसतं, यावरून माणसाला घर सोडून किती दिवस झाले ते ओळखावं.

हिवाळ्यात रेल्वेनं घाटातून जाताना कोरड्या उतारांवर नजर ठेवावी. पण मागून जोर लावायला जादा इंजिनं जोडायची म्हणून गाडी कर्जतला थांबते, आणि तिथं घेतलेले वडे संपेपर्यंत डोंगराकडे बघायला सवड कोणाला?

खालापूरकडच्या एका स्नेही काकांना मी भुत्या लावायचं सुचवलं. राखणदार आधी बोलला, "साहेब, रातच्याला फाटक कोन उघडंल मंग?" काकांची हरकत वेगळी होती. "अहो, पाहुणे येतात डिसेंबरात. आणि हा नेमका तेव्हाच कपडे काढणार!"

मी फळांचं कौतुक सुरू केलं. पाच पाकळ्यांच्या चांदणीसारखं लालभडक फळ, अंगावर मखमल. ती मखमल हाताला लागली की आग होते, हे मी हळू आवाजात सांगितलं. स्टर्क्युलिया हे भुत्याच्या घराण्याचं शास्त्रीय नाव रोमन लोकांच्या शेणखताच्या देवावरून आलंय, हेही सांगून टाकलं. काकूंनी चहाचे कप उचलले.

शेवटी डिंक काढला. याच्या डिंकाला बाजारात कराया म्हणतात. तो पाण्यात भरमसाट फुगतो, म्हणून आइस्क्रीम दाट करायला लागतो, पोट साफ व्हायच्या औषधात जातो, आणि कवळी हिरडीला चिकटवायच्या पावडरीतही असतो.

काकांचा हात नकळत तोंडाकडे गेला.

"म्हणजे हे भूत..."

"असू शकतं."

काका बराच वेळ बॉटल पामांकडे बघत राहिले. मग काकू आत गेल्याची खात्री करून खुर्ची माझ्याकडे सरकवत म्हणाले, "ते पोटाचं काय म्हणालात? रात्री घ्यायचं की सकाळी?"