पाताळातली मुंबई

देशातली पहिली भुयारी मेट्रो कोलकात्यात 1984 साली धावली. मुंबईला जमिनीखाली उतरायला आणखी चाळीस वर्षं लागली. घाई कशाला? मार्गिका आरे ते कफ परेड, साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्थानकं, त्यातली सव्वीस भूगर्भात. खर्च सदतीस हजार कोटींच्या घरात.

वरळीतल्या एका स्थानकाला आचार्य अत्र्यांचं नाव दिलं, हे फार बरं झालं. मे 2025 मध्ये ते थाटात खुलं झालं आणि 26 मेच्या मुसळधार पावसात त्यात पाणी शिरलं. फलाट पाण्याखाली, वरून धबधबा. कारण काय, तर बांधकाम चालू असलेल्या प्रवेशद्वाराची पाणी अडवणारी भिंत कोसळली. पाऊस मेमध्येच आला, यात मेट्रो महामंडळाचा काय दोष? पावसाने वेळापत्रक पाळायला नको? अत्रे असते तर त्यांच्या नेहमीच्या शैलीत म्हणाले असते, असं उद्घाटन गेल्या दहा हजार वर्षांत झालं नाही. तेवढी अतिशयोक्तीही लागली नसती म्हणा.

बाकी गाडी गारेगार, चकचकीत, वेळेवर. फक्त सुरुवातीला खाली गेलं की मोबाइल मुका व्हायचा. नेटवर्कच्या शुल्कावरून मोबाइल कंपन्यांचं आणि मेट्रोचं जमत नव्हतं. म्हणून जिन्याच्या तोंडाशी घोळका दिसायचा: एक पाय पायरीवर, नजर फोनच्या गोल फिरणाऱ्या चकतीवर, तिकिटाचे पैसे गेले की अडकले? मागचा ओरडायचा, ‘अहो, बाजूला व्हा की!’

तेव्हा मंडळी, नेटवर्कचा भरवसा नसेल तर तिकीट वरच काढा. आणि पावसाळ्यात छत्री खालीही न्या.