हलक्या डेस्कटॉपचा रेकॉर्डिस्ट

हलक्या डेस्कटॉपचा रेकॉर्डिस्ट अहिल्यानगर जिल्ह्यात सावेडीपासून संगमनेरपर्यंत आणि राहुरीपासून पाथर्डीपर्यंत कुठेही आढळतो. लिनक्सवर आवाज मुद्रित करणे हा त्याचा जाहीर उद्योग. प्रत्यक्षात तो डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या-मेनूंची मांडणी, बदलत असतो. दिवसा नोकरी किंवा झेरॉक्सचे दुकान, रात्री माडीवरच्या खोलीत स्टुडिओ. भिंतींवर अंड्यांचे ट्रे आणि आजीच्या गोधड्या टांगलेल्या असतात. आवाज शोषण्याचे काम त्यांपैकी गोधड्याच करतात. लॅपटॉप जुना असतो आणि साउंड कार्ड पुण्याच्या तपकीर गल्लीतून एसटीने मांडीवर धरून आणलेले.

लिनक्सकडे तो बहुधा तत्त्वासाठी वळलेला नसतो. फुकटात मिळवलेल्या विंडोजच्या सॉफ्टवेअरबरोबर व्हायरसही फुकट आलेला असतो, म्हणून तो वळतो. तत्त्व मागाहून येते, आणि आले की मुक्काम ठोकते. आर्डर हे मुद्रणाचे सॉफ्टवेअर तयार मिळत असतानाही तो ते मूळ कोडपासून रात्रभर कंपाइल करतो आणि सकाळी ते उघडून बंद करतो.

त्याच्या मते जगातील सर्व खरखरीचे मूळ डेस्कटॉपमध्ये आहे. जीनोम जड, प्लाझ्मा दिखाऊ, एक्सएफसीई बरा, एलएक्सक्यूटी त्याहून बरा, आणि ज्यात खिडकीला चौकटसुद्धा नाही तो सर्वांत शुद्ध. प्रत्येक डेस्कटॉप टाकला की काहीही न चालवता रॅम किती खाल्ली ते तो मोजतो आणि वहीत लिहितो. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर रिकामी ट्रॉलीच पुन्हा पुन्हा चढवावी, तसा हा हिशेब असतो. ऊस काही येत नाही.

त्याच्या भीतीत तथ्य अगदीच नाही असे नाही. साउंड कार्ड सेकंदाला 48,000 नमुने घेते आणि संगणक ते 256च्या गठ्ठ्यांनी उचलतो. एक गठ्ठा 5.33 मिलिसेकंदांचा. तेवढ्या वेळात तो उचलला गेला नाही तर ‘टक्’ असा आवाज येतो. यालाच एक्सरन म्हणतात. मात्र यंत्र नीट लावलेले असेल तर आवाजाचे काम रिअलटाइम अग्रक्रमाने चालते आणि डेस्कटॉपच्या खिडक्या, सावल्या, सरकते पडदे निमूटपणे मागे थांबतात. टक् आलाच तर तो बहुधा वायफायच्या ड्रायव्हरचा, वीज वाचवण्यासाठी स्वतःचा वेग उतरवणाऱ्या प्रोसेसरचा किंवा मागे गुपचूप फायलींची सूची करत बसलेल्या प्रोग्रॅमचा असतो. डेस्कटॉप फार जुन्या यंत्रावर किंवा बिघडलेल्या ग्राफिक्स ड्रायव्हरमुळे दोषी ठरतो. एरवी तो गावातल्या संशयिताप्रमाणे पहिला पकडला जातो, कारण तोच समोर दिसतो.

उबुंटू स्टुडिओ या खास कलावंतांसाठीच्या लिनक्सने 2020 च्या ऑक्टोबरात, 20.10 या आवृत्तीत, एक्सएफसीई सोडून प्लाझ्मा घेतला. प्लाझ्मा आता तितकाच हलका झाला आहे, असे खुद्द करणाऱ्यांनी सांगितले. हलक्या डेस्कटॉपच्या रेकॉर्डिस्टने हे मान्य केलेले नाही. 2024 साली दोन घटना घडल्या: जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले आणि सुमारे वीस वर्षे बाहेर ताटकळलेली रिअलटाइमची जोडणी लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, 6.12 या आवृत्तीत आली. त्याने साजरी केली ती दुसरी. भिंगारच्या छावणीलगत राहणारा असेल तर ‘काल रात्री कर्नल बदलला’ हे त्याचे वाक्य शेजारी भलत्याच गांभीर्याने ऐकतात.

लेटन्सी, म्हणजे आवाज आत शिरून कानात परत येईपर्यंतचा उशीर, हे त्याचे उपास्य दैवत. ध्वनी हवेत एका मिलिसेकंदात सुमारे 34 सेंटिमीटर जातो. म्हणजे 256च्या एका गठ्ठ्याचा उशीर पावणेदोन-दोन मीटर अंतराएवढा. येणे-जाणे धरले तर दुप्पट. भजनात पखवाजापासून शेवटचा टाळकरी याहून लांब उभा असतो आणि सप्ताह निर्विघ्न पार पडतो. पण टाळकऱ्याने हा आकडा कधी मोजलेला नसतो, आणि त्यामुळे त्याचे फारसे नुकसानही झालेले नाही. याच जिल्ह्यात, नेवाशाला, 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. सांगणारा आणि टिपणारा यांच्यामधल्या उशिराबद्दल कोणाचीही तक्रार नोंदलेली नाही.

त्याची खरी परीक्षा विजेपाशी होते. घराचे अर्थिंग कच्चे असल्यामुळे चार्जर लावला की मुद्रणात पन्नास हर्ट्झची गुणगुण उतरते. चार्जर काढला की गुणगुण थांबते. पण लॅपटॉप बॅटरीवर येताच प्रोसेसरचा वेग उतरतो आणि टक्‌टक् सुरू होते. गुणगुण की टकटक, या पेचात त्याच्या तारुण्याची उत्तम वर्षे जातात. उपाय दोन आहेत: वायरमन बोलावून अर्थिंग करून घेणे, किंवा एका आज्ञेने प्रोसेसर पूर्ण वेगावर बांधून ठेवणे. तो तिसरा करतो. नवा डेस्कटॉप टाकतो. दरम्यान वस्तीवर थ्री फेज आल्याची वर्दी शेजारच्या मोटारीचा स्टार्टर देतो आणि ती वर्दीही मुद्रित होते.

गिऱ्हाईक म्हणजे हरिपाठ मुद्रित करायला आलेले महाराज, नाहीतर साहेबांच्या वाढदिवसाचे गाणे घेऊन आलेले कार्यकर्ते. महाराज कानाला हेडफोन लावून बसतात आणि रेकॉर्डिस्ट काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे टंकत राहतो. ‘माउली, म्हणू का?’ असे विचारले की ‘दोन मिनिटं, महाराज’ असे उत्तर येते. चहा येतो, जातो. पखवाज पुन्हा लावावा लागतो. परिणामी अशा रेकॉर्डिस्टच्या संग्रहात सर्वांत मोठा साठा ‘हॅलो, एक, दोन, तीन’ या रचनेचा असतो, तोही निरनिराळ्या डेस्कटॉपवर घेतलेला.

पुरे झालेले काम त्याच्याकडून निघते ते सप्ताह उद्यावर आल्यावर. तेव्हा बदल करायला सवड नसते. जो डेस्कटॉप असेल तो राहतो, वायफाय बंद होते आणि गठ्ठा 1024 वर जातो. आपलाच आवाज उशिरा ऐकू येऊ लागल्यामुळे महाराज हेडफोन काढून ठेवतात आणि सवयीप्रमाणे म्हणतात. एकही टक् न येता हरिपाठ एका बैठकीत मुद्रित होतो. मग त्याची एमपीथ्री होते, व्हॉट्सॲपवरून देवस्थानच्या पुजाऱ्याच्या मोबाइलवर जाते आणि पहाटे देवळावरच्या कर्ण्यातून गावाला ऐकवली जाते. रेकॉर्डिस्ट तेव्हा झोपलेला असतो. रात्रीतून त्याने डिस्क पुसून नवी डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा दुसरा अवतार, टाकलेली असते, आणि मूळ फायली कुठे आहेत असे महाराजांनी विचारले तर त्या त्याच डिस्कवर होत्या.