मागल्या दारचं टपाल

होळकर संस्थानानं आपलं पहिलं टपाल तिकीट १८८६ साली काढलं. त्यावर दुसऱ्या तुकोजीरावांचा चेहरा होता. बरोबर शंभर वर्षांनी, जानेवारी १९८६ मध्ये, क्रेग पार्ट्रिज नावाच्या अमेरिकन गृहस्थानं ई-मेल नेमकी कुठल्या सर्व्हरच्या दारात नेऊन टाकायची, याचे नियम लिहून काढले. ते ज्या नोंदींवर चालतात त्यांना एमएक्स रेकॉर्ड म्हणतात. तिकिटावर राजाचा चेहरा असल्यामुळे टपाल कुणाच्या हुकमानं चालतंय ते शेंबड्या पोरालाही कळायचं. एमएक्स रेकॉर्डला चेहरा नाही. त्यामुळे आमच्या मंडळात त्याच्यावर हुकूम चालवायला झाडून सगळे पुढे आले.

मंडळ जुनी इंदूरमध्ये आहे. शनिमंदिरापासून फार लांब नाही, एवढंच सांगतो. नाव छापलं तर पुढच्या सभेत मला खुर्ची मिळायची नाही. एक वाचनालय, एक सभागृह, भाद्रपदात गणपती आणि वर्षभर कार्यकारिणी. कार्यकारिणीतला सगळ्यांत तरुण सभासद मी आणि मी आजोबा आहे. मंडळाला स्वतःचं डोमेन आहे, त्यावर एक पत्ता आहे, आणि त्या पत्त्यावर येणारी प्रत्येक मेल कोषाध्यक्ष नाना स्वतः वाचतात. नुसती वाचत नाहीत, तिचा प्रिंट काढतात, वर उजव्या कोपऱ्यात निळ्या शाईनं आवक क्रमांक घालतात आणि आवक-जावक रजिस्टरमध्ये चढवतात. ते रजिस्टर मी पाहिलंय. ‘वीज मंडळ, बिल’ याच्या खाली, त्याच वळणदार अक्षरात : ‘परदेशस्थ विधवा राणीसाहेब, विषय : वारसा, कार्यवाही : सभेपुढे ठेवणे.’

२०१७ साली स्वच्छतेत देशात पहिला नंबर पटकावल्यापासून इंदूरचा माणूस कचऱ्याच्या बाबतीत काटेकोर झालाय. सकाळी गाडीचं गाणं वाजलं की ओला वेगळा, सुका वेगळा, प्लास्टिक वेगळं. केळ्याचं साल चुकून सुक्यात पडलं तर घरात बोलणी बसतात. पण तोच माणूस इनबॉक्समधला उकिरडा तसाच सांभाळतो. एक तर तो दिसत नाही, आणि दुसरं म्हणजे त्यावर आपलं नाव घातलेलं असतं. ‘प्रिय महोदय’ म्हणणाऱ्याला कचरा कसं म्हणायचं?

पण राणीसाहेबांचा विषय खरोखरच सभेपुढे आला तेव्हा गाळणी बसवायचं ठरलं. गाळणी म्हणजे क्लाउडवरची सेवा. बाहेरून येणारी मेल आधी तिच्या सर्व्हरवर जाणार, तिथं स्पॅम अडणार आणि उरलेली आपल्याकडे येणार. त्यासाठी डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या पत्त्यांच्या नोंदवहीत, जाऊन एमएक्स बदलायचे. सेवेनं दोन नावं दिली होती, एकापुढे दहा, दुसऱ्यापुढे वीस. मेल आणणारा सर्व्हर आधी लहान आकड्याकडे जातो. तिथं कुणी उत्तर देईना तरच मोठ्याकडे.

“म्हणजे वीस मोठा असून मागे?” नानांनी चष्मा काढला.

अध्यक्ष म्हणाले, “मग आपल्याला शून्यच टाक ना! आपण दहाव्या नंबरवर कशाला?”

शून्य चालतं, पण त्यानं शेजारच्या मंडळाच्या पुढे जाता येत नाही. हे आकडे आपल्याच दोन नावांमधला क्रम ठरवण्यापुरते असतात, हे सांगताना चहा निवला. दहा-वीसऐवजी एक-दोन लिहिलं तरी तेच. मधे जागा सोडायची ती उद्या कुणाला मधे घुसवायचं झालं तर सोय असावी म्हणून. हे मात्र सगळ्यांना लगेच पटलं. कार्यकारिणीची यादी आम्ही अशीच करतो.

टीटीएल, म्हणजे जुनी नोंद जगानं किती सेकंद लक्षात ठेवायची ती मुदत, मी आदल्या दिवशीच शहाऐंशी हजार चारशेवरून तीनशेवर आणून ठेवली होती, म्हणजे बदल पाच मिनिटांत लागू व्हावा. त्यावर कुणी बोललं नाही. या नोंदींच्या झोन फाइलमध्ये सर्व्हरच्या पूर्ण नावाच्या शेवटी टिंब द्यावं लागतं, नाहीतर आपलंच डोमेन त्याला पुन्हा शेपटासारखं चिकटतं, हे ऐकून स्मरणिकेची प्रुफं तपासणाऱ्या काकूंनी “बघा, पूर्णविराम!” म्हणून सगळ्यांकडे पाहिलं. खरी लढाई आमच्याच सर्व्हरच्या जुन्या नोंदीवरून झाली. मी ती पुसणार, तेवढ्यात नानांनी माझं मनगट धरलं.

“हे काय करून राहिलास? असू दे ती. तिसऱ्या नंबरला, तीस घाल. नवीनवाले उद्या बंद पडले तर?”

ऐकायला हे इतकं शहाणपणाचं वाटतं की बहुमत लगेच झालं. मी सांगून पाहिलं की स्पॅम पाठवणारा सरळ शेवटच्या आकड्याकडेच जातो, कारण राखीव सर्व्हरवर पहारा ढिला असतो हे त्याला पक्कं ठाऊक असतं. आमच्या भागातल्या जुन्या वाड्यांना पुढे अडसराचा दिंडी दरवाजा आणि मागे नदीकडच्या गल्लीत एक दार असायचं. पुढचं दार पाहुण्यांसाठी, आणि मांजरापासून उसनी साखर मागणाऱ्यांपर्यंत बाकी सगळी वर्दळ मागच्यानं. पण ठराव झाला होता. तीस घातलं.

राणीसाहेब आल्या, अर्थातच तिसाच्या दारानं. लॉटरीवाले आले, ‘तुमचं केवायसी संपतंय’वाले आले. पुढच्या दारात मात्र गाळणी डोळ्यांत तेल घालून उभी होती. तिनं अडवली ती उज्जैनच्या एका सभासदाच्या मुलीची लग्नपत्रिका : विषयात ‘॥ श्री ॥’, आत एकही अक्षर नाही, नुसतं भलंमोठं चित्र, आणि एका दमात दोनशे जणांना धाडलेली. गाळणीच्या नजरेतून पाहिलं तर तिचं काही चुकलं नव्हतं.

“पत्रिका क्वारंटाइनमध्ये आहे,” मी म्हणालो.

“चौदा दिवस?” काकूंनी विचारलं. “लग्न तर रविवारी आहे!”

मग तीसची नोंद काढली. तरी राणीसाहेब थांबेनात, कारण त्यांना आमच्या सर्व्हरचा पत्ता पाठ झाला होता. एमएक्स न विचारताच त्या थेट येत होत्या. बहुतेकांचं घोडं इथंच पेंड खातं. डीएनएसमधून नाव पुसलं म्हणून दार बुजत नाही. गाळणीच्या आयपी पत्त्यांखेरीज कुणाचीही मेल घ्यायची नाही, असं सर्व्हरला बजावावं लागतं. ते बजावलं. जाणाऱ्या मेलसाठी एसपीएफची, म्हणजे आपल्या नावानं मेल कुणी धाडायची ते सांगणारी, नोंदही तपासली. ती डोमेनला एकच असावी लागते आणि आमच्याकडे दोन निघाल्या, दोन वेगवेगळ्या अध्यक्षांच्या काळातल्या. कुणाची ठेवायची यावर अर्धी सभा गेली, ते इथं नको. शेवटी दोन्ही मिळून एक केली.

दुसऱ्या दिवशी आवक रजिस्टरात एकच ओळ होती : वीज बिल. नाना त्या ओळीकडे बराच वेळ बघत बसले. मग रोखलेल्या मेलची यादी कशी उघडायची ते त्यांनी माझ्याकडून शिकून घेतलं. आठवड्याभरात टेबलावर दुसरं रजिस्टर आलं, लाल पुठ्ठ्याचं, वर ‘अडवलेली आवक’. यादीतल्या प्रत्येक मेलपुढे ‘सोडा’ असं बटण असतं. काल मी गेलो तेव्हा नानांचं बोट त्या बटणावर होतं आणि समोर राणीसाहेब होत्या.

“नाना, नको!”

“अरे, बाई महिनोन्‌महिने लिहून राहिल्या आहेत,” नाना म्हणाले. “जावक रजिस्टरात एका ओळीची पोच तरी नको का?”