300 केल्विनचं पाणी

संगणकावर हीट एक्स्चेंजर मांडायला बसलं की पाणीटंचाई कायमची मिटते. गार बाजूचा इनलेट निवडा, वेग टाका, तापमानाच्या चौकटीला हातही लावू नका. फ्लुएंट सॉफ्टवेअरने तिथे 300 केल्विन आधीच लिहून ठेवलेलं असतं. म्हणजे साधारण 27 अंशांचं पाणी, हवं तितकं, बारा महिने. जव्हार तालुक्यातल्या वावर गावाला एप्रिलात हे कुणी सांगायला जाऊ नये. मध्य वैतरणा धरण शेजारच्या मोखाड्यात, पाणी मुंबईच्या नळाला आणि पाड्यांवर टँकरची वाट. सॉफ्टवेअरच्या भाषेत या तालुक्यांच्या वाट्याला फक्त आउटलेट आलाय.

याच दिवसांत मोह पडतो. मोहाची भट्टी म्हणजे अस्सल हीट एक्स्चेंजर: खाली आंबवलेली फुलं, वर गार पाण्याचं भांडं, मधे वाफ. भट्टीवरची बाई वरच्या पाण्यात बोटं बुडवते, कोमट लागलं की ओतून नवं घालते. कायद्यात हे बसत नसेल, उष्मागतिकीत चोख बसतं. गार बाजू तापत जाते, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. आमचे इंजिनिअर मात्र एक्स्चेंजरच्या नळीच्या बाहेरच्या भिंतीवर एकच तापमान ठोकून देतात आणि चहाला जातात.

भिंतीची गंमत तर आणखी. दोन्ही बाजूंच्या जाळ्या जुळल्या नाहीत आणि मधला इंटरफेस जोडायचा राहिला, तर नळी साधी भिंत उरते. आणि साध्या भिंतीची मूळची अट असते उष्णताप्रवाह शून्य. गरम पाणी गरमच बाहेर पडतं, गार गारच. तरी ऊर्जेचा रेसिड्युअल आज्ञाधारकपणे दहाच्या उणे सहाव्या घातापर्यंत उतरतो, ‘सोल्यूशन इज कन्व्हर्ज्ड’ उमटतं आणि अहवालात लाल-निळं चित्र चिकटतं. एका बाजूने किती उष्णता गमावली आणि दुसरीने किती कमावली, हे कागदावर ताडायला पाच मिनिटं पुरतात. ती कुणाकडे नसतात. चित्राचे रंग निवडण्यात अर्धा दिवस गेलेला असतो ना!

नळीच्या भिंतीची खरी किंमत जव्हार-मोखाड्याच्याच पालघर जिल्ह्यात मोजून झाली आहे. तारापूरची पहिली दोन अणुयुनिटं 1969 साली सुरू झाली, प्रत्येकी 210 मेगावॉटची. दुय्यम वाफजनित्रांच्या नळ्या गळू लागल्या, ती बाजूला काढावी लागली आणि क्षमता 160 वर आली. युनिटमागे 50 मेगावॉट नळ्यांनी गिळले.

आता नळीवर साचणाऱ्या थराचं. त्याचा अडसर धरायलाही सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे. थराची जाडी आणि वाहकता भरली की झालं. जाडीच्या चौकटीत बहुधा शून्य असतं. विचारा, उत्तर तयार: “नळी नवीन आहे, सर.”