प्रमाणपत्रधारक

गोरिला बघायला माणशी 800 डॉलर पडतात आणि त्यात तो फक्त एक तास बघता येतो, हे कळल्यावर बायकोनं मिनिटाचा भाव काढला. युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलात शिरेपर्यंत तो तिच्या तोंडी होता. शिरल्यावर दोघांच्याही तोंडी फक्त धाप उरली.

उभा चढ, खाली चिखल, आधाराला धरावं ते झुडूप खाजरं. मुंग्या आत शिरू नयेत म्हणून पँट मोज्यांत खोचलेली. सोबत बंदूकधारी रक्षक होता. बंदूक गोरिलासाठी नव्हे, रानहत्ती आडवा आलाच तर हवेत बार काढायला. ज्याला चालवत नाही त्याला हमाल डोलीत घालून नेतात. तिला तिकडे ‘हेलिकॉप्टर’ म्हणतात. दर दहा पावलांनी मी आशेनं त्या हमालांकडे बघत होतो.

खरा धोका आम्हीच होतो. आमची साधी सर्दी गोरिलाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून तोंडाला मास्क, 10 मीटरचं अंतर, एका वेळी आठच पाहुणे, आणि सर्दी-खोकला असलेल्याला बंदी. 2018च्या गणनेत ब्विंडी आणि लगतच्या सरंबवे जंगलात मिळून 459 गोरिला भरले. माझ्या शिंकेला आयुष्यात पहिल्यांदाच एवढं महत्त्व आलं.

अखेर वाटाड्यानं घशातून ‘म्हंऽ हंऽ’ केलं. जुन्या वाड्यात सासरे माजघराकडे वळताना खाकरायचे, अगदी तसंच. आपलीच माणसं आहेत, दचकू नका, असं गोरिलाही एकमेकांना याच सुरात कळवतात.

झुडपांत पाठीवर रुपेरी केसांचा कुटुंबप्रमुख बसला होता. जाड बोटांनी देठ धरायचा, दातांनी साल ओढायची, आतला गर खायचा, साल बाजूला टाकायची. घाई नाही, की आमची दखल नाही. मध्येच त्यानं मोठ्यानं वारा सोडला. एवढा पाला पचवायचा म्हणजे ते आलंच.

“दीडशे किलोच्या वर असेल आणि खातो फक्त पाला,” बायको मास्कमधून पुटपुटली. “तुम्हीच म्हणता ना, पालेभाजी अंगी लागत नाही?”

तेवढ्यात तो आमच्याकडे पाठ करून बसला. मिनिटाला तेरा डॉलर देऊन आम्ही त्या पाठीचे मनसोक्त फोटो काढले.

खाली उतरल्यावर समारंभपूर्वक प्रमाणपत्रं वाटली गेली. आम्ही गोरिला पाहिल्याचं त्यात नावानिशी नमूद आहे. गोरिलानं आम्हाला पाहिल्याचा उल्लेख कुठेही नाही.